शेवाळी रंगापुढची सही

सोमाकाका, तुम्ही गेल्याला आज एकोणीस दिवस झाले, आणि एवढ्या दिवसांत तुमचं कौतुक करायची एकही संधी मी सोडलेली नाही. तलासरीच्या कंपनीत तुमच्या फोटोला हार घातला तेव्हा चार शब्द मीच बोलले. फोटोही मीच काढलेला. डहाणूला माझ्या स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढायला येतात त्यांनाही मी ऐकवते, की कापडाचा रंग ओळखणारा असा माणूस पुन्हा होणे नाही. लोक म्हणतात, किती माया होती हिची. माया होती, ते खोटं नाही. पण जे बोलायला हवं होतं तेवढं सोडून बाकी सगळं मी बोलत सुटले आहे. चोराच्या मनात चांदणं.

आपली पहिली भेट आठवते का? कंपनीला गणवेशाच्या कापडांची वेबसाइट करायची होती. लांबचे व्यापारी घरबसल्या कापड बघतील आणि मागवतील. त्यासाठी प्रत्येक कापडाच्या तुकड्याचा फोटो हवा होता. मला तोपर्यंत लग्नं, बारशी आणि साखरपुडे ठाऊक. नवरा-नवरी हलतात, मामा मध्येच आडवा येतो, तरी आपण निभावून नेतो. हे तर टेबलावर पडलेलं कापड. तुकडा ठेवायचा, बटण दाबायचं, दोन दिवसांत संपवून टाकू, असं मी साहेबांना सांगून मोकळी झाले होते. मग स्कूटीवरून हायवेची धूळ खात तलासरीला आले आणि सॅम्पलच्या खोलीत तुम्ही भेटलात. रंगवून आलेला कापडाचा प्रत्येक ताका ठरलेल्या शेडशी जुळतो की नाही, हे बघणारा कंपनीतला एकच माणूस. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कॅमेऱ्याकडे नाही.

"बाय, ही लाल घालून आलीस?"

"मग काय झालं काका?"

"तुझा लाल माझ्या पांढऱ्यावर सांडतो ना."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. पांढऱ्या शर्टिंगचा तुकडा उचलून माझ्या कुर्त्याजवळ धरलात आणि म्हणालात, "बघ." खरंच त्याच्यावर गुलाबीसर झाक आली होती. मग खुंटीवरचा तुमचा राखाडी कोट काढून मला घालायला दिलात. तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला, त्याला खळीचा आणि तंबाखूचा वास होता, आणि बाह्या मला चारदा दुमडाव्या लागल्या. दहा वर्षं मी फोटो काढत होते. आपल्या कपड्याचा रंग समोरच्यावर पडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांचं काम अडीच महिने चाललं ते तुमच्यामुळे. उत्तरेची खिडकी. सकाळी दहा ते दुपारी एक, त्याच्या आधी नाही आणि नंतर नाही. ट्यूबलाइट बंद. कापडाकडे पाच आकडे मोजेपर्यंत बघायचं, मग समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघायचं, मग पुन्हा कापडाकडे. मी विचारलं, एकदम नीट बघून घेतलं तर काय बिघडतं? तुम्ही म्हणालात, "डोळा लबाड हाय. जास्त वेळ दिला का तो होला हो करतो." एकदा तुम्ही मला दोन हिरवे तुकडे ट्यूबखाली दाखवलेत. दोन्ही सारखेच. तेच खिडकीत नेलेत तर एक हिरवा आणि एक मातकट. "उजेड बदलला का कापड खोटं बोलतं," म्हणालात, आणि पोराटोरांना जादू दाखवल्यासारखे खूश झालात.

भांडलोही पुष्कळ. तुम्हाला तुकड्याच्या एका कोपऱ्याला घडी हवी असायची, म्हणजे कापड जाड की पातळ ते कळतं. मला तो सपाट हवा असायचा, कारण सगळे फोटो एका ओळीत नीट दिसतात. मी घडी मोडायची, तुम्ही पुन्हा घालायची. "फोटोला हात लावून बघता येतो काय? मग एवढी तरी घडी राहू दे गिऱ्हाइकाला," असं तुमचं म्हणणं. मी म्हणायचे, काका, हल्ली लोक हात लावून काही घेत नाहीत. हे भांडण मिटलं नाही. अर्धी वेबसाइट घडीची आहे आणि अर्धी बिनघडीची, आणि बघणाऱ्याला वाटत असेल की दोन वेगळ्या माणसांनी फोटो काढले.

तुमच्याकडून किती घेतलं ते आता कळतं. माझ्या नवऱ्या पिवळ्या का येत होत्या ते तुमच्यामुळे समजलं. हॉलचे दिवे मी बंद करायला लावते म्हणून वरमाया माझ्यावर डोळे वटारतात, पण अल्बम बघून गप्प बसतात. गेल्या वर्षी वाढवणला बंदराच्या विरोधातल्या मोर्चाचे फोटो काढले, तेव्हा कोळणींच्या लुगड्यांचे रंग असे आले की एक म्हातारी फोटोवर बोट ठेवून म्हणाली, हे माझंच. मला तेव्हा तुम्हाला फोन करावासा वाटला. केला नाही. तुम्हाला फोन करणं मला तोवर जड जायला लागलं होतं. का, ते मला ठाऊक होतं आणि तुम्हाला नव्हतं.

आता तेच सांगते. माणूस समोर होता तेव्हा दातखीळ बसली होती, आता मला कुणी अडवत नाही.

भाद्रपदातला तो दिवस. शेवटचे एकतीस तुकडे राहिले होते आणि आभाळ असं की एक ढग सरकला की दुसरा हजर. दुसऱ्या दिवशी मला डहाणूला साखरपुडा होता. मी घाई करत होते आणि तुम्ही खिडकीशी उभे. "थांब. आता नको. आता नको. हां, काढ." काही तुकड्यांना वीस-वीस मिनिटं, आणि दहा ते एकचा तुमचा नियमही त्या दिवशी मोडलात. जेवायलाही गेला नाहीत, काकींनी दिलेली नाचणीची भाकरी उभ्याउभ्याच खाल्लीत आणि हात धुऊन, पुसून, पुन्हा कापड धरलंत. शेवटी एकतीसही झाले. मग नेहमीची पद्धत: कॅमेऱ्याचं कार्ड लॅपटॉपला लावायचं, तुम्ही एकेक फोटो खऱ्या तुकड्याशी पडताळायचा, आणि यादीत त्या रंगाच्या नावापुढे "बराबर" लिहून सही करायची. तुमची सही म्हणजे "सो" आणि त्याच्यापुढे एक लांब रेघ. एकतीस वेळा ती रेघ ओढलीत. शेवाळी रंगाशी सगळ्यात जास्त थांबलात. भिंतीकडे बघितलंत, परत बघितलंत, आणि म्हणालात, "हा एकदम आईच्या पोटातून आल्यासारखा आलाय." सही केलीत.

दुसऱ्या दिवशी साखरपुड्याच्या गडबडीत मी ते कार्ड पुसून टाकलं. मला वाटलं होतं, फोटो लॅपटॉपवर उतरवून घेतलेत. आधीचे सगळे घेतले होते. हे एकतीस नव्हते. हे आपण थेट कार्डावरूनच बघितले होते.

माझं पाप इथवर साधी चूक आहे, काका. कुणाच्याही हातून होते. त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन करून रडले असते तर तुम्ही मला चार शिव्या घातल्या असत्या आणि म्हणाला असतात, ये उद्या, उभे राहू. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तुम्ही दिवसभर उपाशीतापाशी खिडकीत उभे राहिलेला माणूस, आणि मी एवढी नावाजलेली फोटोवाली. मला लाज वाटली. वेबसाइट सोमवारी सुरू व्हायची होती. कंपनीने त्याच नमुन्यांचा दुसरा गठ्ठा मला देऊन ठेवलेला होताच. मी स्टुडिओचं दार लावून घेतलं आणि जिथे लोकांना "हनुवटी जरा खाली" म्हणते त्या स्टुलावर, त्याच दिव्यांखाली, एकतीसही तुकडे दीड तासात उरकले. रंग आठवून आठवून कॉम्प्युटरवर ठीक केले. आठवून! तुमच्याकडे अडीच महिने शिकले आणि रंग आठवून ठीक केले. यादी तुमच्या सह्यांची होती, ती तशीच साहेबांकडे गेली.

तीस रंग निभावले. शेवाळी निभावला नाही.

दोन महिन्यांनी एका व्यापाऱ्याने माल परत पाठवला. त्याचं म्हणणं, वेबसाइटवर रंग तांबूस आणि आलेलं कापड हिरवं. शाळा घ्यायला तयार नाही. साहेबांनी मला बोलावलं, तुम्हाला बोलावलं, टेबलावर कापड ठेवलं, बाजूला लॅपटॉपवर तो फोटो उघडला. तुम्ही एक क्षणही घेतला नाहीत.

"ह्याच्यात तांबूस हाय, साहेब. लहान पोर पण सांगेल."

साहेबांनी यादी पुढे केली. शेवाळीपुढे "बराबर" आणि तुमची लांब रेघ.

तुम्ही त्या रेघेकडे किती वेळ बघत राहिलात! पाच आकडे नाही, पन्नास मोजून झाले असते. मग माझ्याकडे बघितलंत. संशयाने नाही. संशयाने बघितलं असतंत तर मी तिथल्या तिथे सगळं ओकले असते. तुम्ही अगदी भाबडेपणाने विचारलंत, "बाय, मी ह्याला बराबर बोललो? तू होतीस ना तिथं?"

आणि मी म्हणाले, "त्या दिवशी डोळे थकले असतील काका. दिवसभर उभे होतात ना."

हे वाक्य मी किती सहज बोलले, आवाजात किती काळजी होती, ते आठवलं की मला माझ्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. साहेब म्हणाले, जाऊ द्या, होतं कधी कधी. मी सुटले. तुम्ही म्हणालात, "असेल. वय झालं." चौकशी पाच-सात मिनिटांत आटोपली.

मला वाटलं, मिटलं. पण तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वतःहून साहेबांकडे गेलात आणि शेडच्या टेबलावरून मला काढा म्हणालात. ज्याला एकदा दिसलं नाही त्याला पुन्हाही दिसणार नाही, मग कंपनीचं नुकसान कशाला? साहेब नको म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाहीत. काही महिने घड्या घालण्याच्या खात्यात काम केलंत आणि मग भातशेती बघतो म्हणून पाड्यावर घरी जाऊन बसलात. तुम्हाला कुणी काढलं नाही, काका. मी तुमच्या डोळ्यांवरचा तुमचाच विश्वास उडवला, पुढचं तुम्ही स्वतः केलंत.

मी तुमच्या घरी यायचे तेव्हा चिकू घेऊन यायचे. लाचच ती. काकी पुढे चहा ठेवायच्या आणि तुम्हाला चिडवायच्या, "आला आंधळा." तुम्ही हसायचात. पण भात कापायला आलं की नाही हे तुम्ही बांधावर उभं राहून काकींना विचारायला लागलात. पिवळं पडलं का गो? काकी म्हणायच्या, तुला दिसत नाय काय? तुम्ही म्हणायचात, मला दिसतं, पण खरं काय ते तू सांग. उभं आयुष्य रंग सांगण्यात घालवलेला माणूस स्वतःच्या शेतात दुसऱ्याला रंग विचारत होता, आणि मी ओटीवर बसून चहाचे घोट घेत होते.

माझ्याच्याने सांगवेना म्हणून मी डॉक्टरच्या तोंडून सांगायला बघितलं. आठवतं? तुम्हाला स्कूटीवर मागे बसवून डहाणूला डोळे तपासायला आणलं. डॉक्टर म्हणाले, या वयाला इतकी चांगली नजर मी बघितली नाही, रंगही सगळे बरोबर ओळखले. मला इतका आनंद झाला की मी डॉक्टरांचे हात धरायचे बाकी ठेवले. बाहेर येऊन तुम्ही चपला घालत म्हणालात, "आज दिसलं. त्या दिवशी नव्हतं ना दिसलं. ते ह्याला काय ठाऊक? तू होतीस तिथं." डॉक्टरपेक्षा तुमचा माझ्यावर विश्वास होता. परतीच्या वाटेवर मी एकदा स्कूटी बाजूला घेतली होती. "काका, एक सांगायचं होतं." तुम्ही म्हणालात, "बोल ना." मी विचारलं, यंदा भात कुठलं लावलंत? तुम्ही तलासरी येईपर्यंत भाताबद्दल सांगत होतात.

ती माझी शेवटची संधी होती, हे मला कुठे माहीत होतं? छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत तुम्ही गेलात. डोळ्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे मी स्वतःला समजावते. नाहीच. तेवढ्याने माझं काही हलकं होत नाही.

परवा मी धीर केला आणि कंपनीत जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. कार्ड पुसलं, स्टुडिओत पुन्हा काढले, काकांची सही खऱ्या फोटोंवर होती. हातचं काम जाणार, तलासरीत आणि डहाणूत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं दोन वर्षं मनात घेऊन फिरत होते. साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "असं झालं होतं होय? अहो, तेव्हाच सांगायचं. एक फोटो बदलला असता." मग म्हणाले, "सोमाला मात्र सांगायला हवं होतं हो." मग फोन वाजला, तो घेतला, ठेवला आणि मला विचारलं, शर्टिंगची नवीन रेंज आली आहे, गुरुवारी जमेल का? ओरडलेसुद्धा नाहीत. ज्या ओरड्याला घाबरून मी तुमचे डोळे काढून दिले, तो ओरडा तिथे नव्हताच.

तिथून मी तशीच पाड्यावर गेले. काकी अंगणात भात पाखडत होत्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि एका दमात सांगून टाकलं. रडले, पाय धरले. मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, काकी रागावतील, मग रडतील, मग माझ्या डोक्यावरून हात फिरवतील आणि मी मोकळी होईन.

काकींनी सूप खाली ठेवलं. "त्याला ठाऊक होतं?"

"नाही काकी."

"मग आता मला कशाला सांगतेस?"

त्यांनी हातावरचा कोंडा झटकला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मी त्याला आंधळा बोलायची, बाय. रोज. लोकांसमोर पण. मला वाटायचं खरंच नाय दिसत, मग हसून घ्यावं." आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला तिथे बसवेना. दोन वर्षं जे ओझं माझ्या एकटीचं होतं, ते मी त्या बाईच्या पदरात टाकून आले होते, आणि माझं मात्र तसूभरही कमी झालेलं नव्हतं. त्या उठून आत गेल्या. पाखडलेलं भात तसंच अंगणात राहिलं. कोंबड्या आल्या तेव्हा ते मीच भरून ओटीवर ठेवलं आणि निघाले.

काका, त्या दिवशी तुम्हाला नीट दिसलं होतं. शेवाळी तुम्ही बरोबर सांगितला होतात, एकतीसही बरोबर सांगितले होतेत, आणि तुमच्या डोळ्यांना कधी काही झालं नव्हतं. आता हे साहेबांना ठाऊक आहे, काकींना ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक नाही.